किरकोळ बदल

लेखात एकूण अकरा वाक्यं.
'कोंबडी वोर्म्सीला निघाली', चित्रकथा, १९५९,
मजकूर आणि चित्रं साल्मे वाहेर,
पानं बावीस, किंमत अठरा कोपेक.
इथवर सगळं बरोबर.
पुस्तक मांडीवर घेऊन मी एकेक आकडा ताडून पाहिला.

मग सातवं वाक्य:
'दुसऱ्या आवृत्तीत नवव्या पानावरच्या खिडकीतली आकृती
छपाईच्या खर्चामुळे काढण्यात आली.'

आकृती.

मी हिल्लार. हाप्सालूचाच. पंचाहत्तरी उलटली.
रोहुक्युलाच्या धक्क्यावर फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात हयात गेली,
बोटांच्या रेषांत अजून डिझेल आहे,
आणि कळफलकावर 'म' कुठे गेला ते शोधायला मला वेळ लागतो.
केर्तू, माझी नात, म्हणाली,
आजोबा, इथे कुणीही लिहू शकतं.

मग मी लिहिलं.
खिडकीत माझी बहीण होती, मारेत.
साल्मेबाई आमच्या भिंतीपलीकडे राहायच्या.
साखरेच्या एका वडीवर त्यांनी तिला तासभर खिडकीत बसवलं,
हलू नकोस म्हणाल्या,
आणि ती हललीच,
म्हणून चित्रात तिची डावी वेणी उजवीहून जाड आहे.

बासष्टच्या मार्चमध्ये,
बर्फ वरून पांढरा आणि आतून कुजलेला असताना,
ती कोंबडीच्या वाटेने चालत गेली.
तेव्हा वोर्म्सीला जायला माणसांना परवाना लागे.
कोंबडीला कुणी विचारत नसे,
मारेतलाही कुणी विचारलं नाही.
काठावर तिचा पत्र्याचा डबा मिळाला. आत बार्लीचे दाणे.

आई साल्मेबाईंना काहीच बोलली नाही.
फक्त एकदा, जिन्यात, दोन्ही हातांत बादल्या असताना:
दुकानाच्या काचेतून ती रोज माझ्याकडे बघते.

चौसष्टच्या आवृत्तीत खिडकी रिकामी आहे.
कठड्यावर एक वाटी, वाटीतून वाफ.
त्या वाफेसाठी एक निळसर रंग जास्तीचा लागलाय,
भिंग घेऊन पाहा,
म्हणजे खर्च वाढलाच असणार.

चाळीस मिनिटांत माझं सगळं पुसलं गेलं.
तार्तूचा कुणीतरी होता, अगदी नम्र:
संदर्भ हवा. वैयक्तिक आठवण पुरावा म्हणून धरता येत नाही.

मी चिडलो नाही.
शिकाऊ पोरांना मीही हेच सांगत आलो,
आवाजावरून सांगू नकोस, मापक दाखव.
दोन दिवस मापक शोधला.
चर्चच्या वहीत मारेत आहे, तारीख आहे, बर्फ आहे,
खिडकी नाही.
साल्मेबाईंची पत्रं त्यांच्या भाच्याने स्टोव्हमध्ये घातली, थंडी फार होती म्हणे.
आईची एक ओळ कुठे असेल म्हणून
तिच्या पाककृतींच्या वहीचं पानन् पान चाळलं.
खारवलेल्या माशात किती मीठ, तेवढं कळलं.

तिसऱ्या रात्री पुन्हा ते पान उघडलं.
सातवं वाक्य. एकच शब्द खोडला, एकच लिहिला.
'म' या वेळी लगेच सापडला.
खाली एक छोटा चौकोन होता:
हा बदल किरकोळ आहे.
मी त्यात खूण केली.

आता तिथे असं आहे:
नवव्या पानावरच्या खिडकीतली मुलगी
छपाईच्या खर्चामुळे काढण्यात आली.
खोटं आहे, पण निदान कुणाबद्दल ते तरी खरं आहे.

सकाळी केर्तू म्हणाली, आजोबा, कुणीतरी पुन्हा हात लावलाय.
चष्मा सापडेना. तिनेच वाचून दाखवलं.
आठव्या वाक्यात एक स्वल्पविराम वाढला होता.
एवढंच.

मुलगी जागची हलली नव्हती.